निरोगी म्हणून दिलेलं रक्त

दार न वाजवताच भाऊ आत आला आणि खुर्चीवर मटकन बसला, तशी ताई हातातलं काम टाकून त्याच्याकडे वळली.

आईबापांमागे त्याला तिनंच वाढवलं होतं. दगडांना झिलई देण्याच्या कारखान्यात उभा जन्म धुळीत काढला, लग्नाचं नावही काढलं नाही, पण त्याला शिकवलं. आता तो संशोधक होता. फुप्फुसाचा कॅन्सर खोकल्यातून बोलायच्या आधीच रक्तात ज्या खुणा सोडतो, त्या तो शोधत होता. आजाऱ्यांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी माणसांचं रक्त हवं, म्हणाला. ताई हौसेनं गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा कामधंदा विचारला, तर तिनं तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाला, "घरीच असते." शब्द जिव्हारी लागला... पण चारचौघांत त्याची मान खाली जायला नको, म्हणून तिनं तोही गिळला. एवढी धूळ गिळली, त्यात हे काय जड!

आणि नेमक्या तिच्याच रक्तात खुणा निघाल्या. आपली तपासणीच खोटी ठरली, या समजुतीनं तो तिच्यावरच डाफरला होता. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच. शेवटी तिच्या छातीचा स्कॅन करवला.

"ताई, गाठ आहे," तो आता कसाबसा म्हणाला. "वाटाण्याहून लहान. काढता येईल म्हणतात."

ताई कोपराच्या आतल्या बाजूला उरलेल्या सुईच्या खुणेकडे बघत राहिली. ना खोकला, ना धाप... आणि जे अंगानं अंगालाही सांगितलं नव्हतं, ते एवढ्याशा रक्तानं सांगून टाकलं! केवढं अगाध हे!

"म्हणजे तुझी तपासणी चुकली नव्हती?" तिनं विचारलं.

त्याचा बांध फुटला. तिचे खरखरीत हात डोळ्यांना लावून तो म्हणाला, "चुकलो मी, ताई. या हातांची लाज वाटली मला."

"वेडा रे वेडा. खरं बोलला असतास, तर धुळीत जन्म काढलेल्या मला निरोगी म्हणून कुणी उभं केलं असतं का? दारातूनच परत पाठवलं असतं... आणि ही गाठ बसली असती वाढत."

शस्त्रक्रियेच्या सकाळी सर्जननी ताईला विचारलं, आधी काय काम करायचात? सवयीनं तिनं भावाकडे बघितलं.

"दगडांना झिलई द्यायची," भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मलाही तिनंच दिली."