पहिली रांग

रोहिणखेडात माझं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. लग्न असो, तेरवी असो की उरूस, गावात लाल खुर्च्या माझ्याच. पहाडात जवानांच्या बसवर हल्ला झाला, तेव्हापासून मी टीव्हीपुढून उठलो नव्हतो. दुकानही उघडलं नव्हतं. मी चौकात गेलो आणि लोकांचं बोलणं थांबलं तर, ही धास्ती होती.

तिसऱ्या दिवशी शेषराव पाटलांचा फोन आला.

"सकलैन, शाळेच्या मैदानात श्रद्धांजली हाये. खुर्च्या तुह्याच लागतीन. येशीन ना?"

"येतो भाऊ."

चार वाजता ऊन चटके देत होतं. मैदान भरलं, पण पहिल्या रांगेत कोणी बसेना. ती जनकाबाईसाठी ठेवली होती. तिचा लेक सहदेव त्याच ताफ्यात होता आणि तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

मी रांगेवरची धूळ पुसायला गेलो आणि हात मागे घेतला. खुर्ची गार होती, बर्फाच्या लादीसारखी. शेजारचीही तशीच. मागच्या खुर्च्या मात्र तापलेल्या.

"भाऊ, हात लावून पाहा."

शेषरावांनी लावला. "सावलीत असन," ते म्हणाले.

मैदानात सावली नव्हती.

जनकाबाई आली. ती बसली नाही. तापातल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तशी एकेका खुर्चीला हात लावत चालली. शेवटच्या खुर्चीपाशी थांबली.

"हे गरम हाये," ती हळूच म्हणाली. "या बसलेल्यांत माहा सहदेव नाही."

त्या खुर्चीत ती बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

थोड्या वेळानं तिच्या पिशवीतला फोन वाजला. शेषरावांनी तो तिच्या कानाला लावला. मी जवळच होतो, मला ऐकू आलं.

"मांय, मी मागच्या गाडीत होतो. पुढच्या गाडीतलं कोणीच..."

मग माइकवरून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

सगळे उभे राहिले. जनकाबाईही.

अंगावरचं वजन उठलं की प्लास्टिक करकरतं. रिकाम्या पहिल्या रांगेतून तो आवाज आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दोन मिनिटं संपली. आमच्यातलं कोणी बसलं नाही.

पहिली रांग बसली.