रेघेबाहेरचा ठिपका

दरवर्षी जुलैत, नवी मुलं वर्गात जरा स्थिरावली, की मी त्यांना भिंतीला उभं करून मोजत असे. आधी उंची, मग वाव. दोन्ही हात आडवे पसरले की या हाताच्या मधल्या बोटापासून त्या हाताच्या मधल्या बोटापर्यंतचं अंतर म्हणजे वाव. विहिरीला दोर घेणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माणसाची वाव त्याच्या उंचीइतकीच भरते, असं सगळे म्हणतात. खरंच भरते का हे तपासायचं, एवढाच आमचा प्रयोग. कागदावर आडव्या अक्षावर उंची, उभ्या अक्षावर वाव, आणि प्रत्येक मुलाचा एक ठिपका. तास संपेपर्यंत ठिपक्यांची तिरकी रांग तयार होई आणि तिच्यामधून मी एक रेघ ओढे. औरंगाबादच्या पोरांना संख्याशास्त्र आवडे ते त्या एका दिवशी. पुढं वर्षभर ते मला आणि माझ्या विषयाला सहन करत.

शेवटी मुलं मला मोजल्याशिवाय सोडत नसत. माझा ठिपका रेघ सोडून वर कुठंतरी एकटाच बसे. "सर, तुमचा ठिपका दौलताबादला चालला!" कुणीतरी ओरडे. माझे हात लांब आहेत. माझ्या आईचे होते, आणि आईचं नाव ठेवलेल्या माझ्या मुलीचे, मनकर्णेचेही होते. ती रांगत होती तेव्हाच अनसूया, माझी बायको, म्हणाली होती, "हिला आपण काय कवेत घेणार? हीच आपल्याला घेईल." मनी पाच वर्षांची होऊन घटसर्पानं गेली.

त्यानंतर दर दिवाळीला अनसूया एक परकर-पोलकं शिवू लागली. थंडीची म्हणून पोलक्याला मनगटापर्यंत बाह्या. गारखेड्यात तेव्हा शेतंच जास्त. आमच्या दोन खोल्या आणि पलीकडे सारजाबाईंचं घर, एवढीच वस्ती. कपडे सारजाबाईंच्या साळूला जात. गेलेल्या लेकीच्या नावानं दुसऱ्या मुलीला कपडा द्यावा, ही रीतच आहे, म्हणून मी काही विचारलं नाही. अनसूयेचं मशीन आतल्या खोलीत चाले, बाहेरच्या खोलीत मी पेपर तपासत बसे. दाराआडून कधीतरी तिचं हसू ऐकू येई. ती मनाशीच हसत असेल असं मी समजे, आणि दोन घटका तरी ती बरी आहे म्हणून गप्प राही.

पंचाहत्तर साली, दसऱ्याच्या आधी, अनसूया झोपेतच गेली.

सारजाबाईंनी तिच्या अंथरुणाच्या जागी ज्वारीचं पीठ पसरलं, त्यावर बांबूची पाटी पालथी घातली आणि शेजारी दिवा ठेवला. गेलेला जीव कुठल्या रूपात गेला, ते पिठात उमटलेल्या पावलावरून कळतं म्हणे. सकाळी त्यांनी पाटी उचलली. पीठ नितळ होतं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

"सुटल्या वैनी," सारजाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर मशीनवरच्या अर्धवट पोलक्यावर गेली. "ह्ये कुणासाठी वो भाऊ? साळू तर उन्हाळ्यातच पाचोडला नांदाया गेली."

"साळूसाठीच असेल. माहेरपणाला येईल ना ती."

"नाय, भाऊ." त्या जरा घुटमळल्या. "आता वैनीच ऱ्हायल्या नाय, म्हणून सांगते. साळूला त्यांचं एकबी पोलकं नीट बसलं नाय. कधी तंग, कधी ढगळ. अन् बाह्या तर दरसाली लई लांब. वैनींना वाईट वाटंल म्हणून म्या मुडपून टाके घालायची."

"पण माप साळूचंच घ्यायची ना ती?"

"माप? कधीच नाय."

ते सगळे कपडे सारजाबाईंनी पेटीत जपून ठेवले होते. मी मागून आणले. रविवारी दुपारी मुडपलेल्या बाह्यांचे टाके उसवले आणि टेप घेऊन बसलो, कारण दुसरं काही मला येत नाही. परकरावरून उंचीचा अंदाज, खांदा आणि बाह्यांवरून वावेचा. मोजताना आकडे मी अजून उर्दूतच पुटपुटतो. निजामाच्या शाळेची ही खोड पोलीस ॲक्शननंतरही गेली नाही. एकेका पोलक्याचा ठिपका देत गेलो. ठिपके छान रांगेत आले, पण वर्गाच्या रेघेवर एकही नव्हता. सगळे तिच्या वर होते, माझा ठिपका जिकडं पडतो तिकडं.

मी लगेच भलतं काही मानणारा माणूस नाही. म्हटलं, ही शिवणारीची सवय असेल. पण मग बाही दरवर्षी सारखीच जास्त निघाली असती. इथं ती जास्तीची लांबी उंचीबरोबर वाढत गेली होती. म्हटलं, आईनं मनातल्या मनात मुलगी वाढवली असेल. पण मनातली मुलगी दरवर्षी सारखी वाढली असती. ही एका साली अडली होती आणि पुढच्या साली झपकन उंच झाली होती, खरी पोरं वाढतात तशी.

मला भीती वाटली नाही. मला हेवा वाटला. इतकी वर्षं मी भिंतीच्या या बाजूला परक्यांची पोरं मोजत बसलो होतो, आणि त्या बाजूला अनसूया एकटी नव्हती. आता अनसूया गेली होती. या घरात आपलं कुणी उरलं नाही असं समजून ती पोर यायची थांबली तर? रात्रंदिवस मला तेवढी एकच काळजी लागली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पिठाचा डबा आणला आणि मशीनभोवती पीठ पसरलं. संख्याशास्त्राच्या मास्तरनं हे करावं, याचं मलाच हसू आलं. अर्धवट पोलकं मांडीवर घेऊन मी मधोमध स्टुलावर बसलो. बाहेर शेतात कुणीतरी बैलांना हाकारत होतं. सारजाबाईंकडून तळणाचा वास येत होता.

"मने," मी हाक मारली. कितीतरी वर्षांनी ते नाव माझ्या तोंडून निघालं.

काही झालं नाही.

मग मी रडलो. पोलक्यात तोंड खुपसून रडलो, आणि तसाच बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. पीठ नितळ होतं. एकही पाऊल नाही.

प्रयोग फसला होता. मी पीठ ओलांडलं आणि दार उघडलं. सारजाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. दुखवट्याच्या घरी फराळ करत नाहीत, म्हणून शेजारून येतो. मी ताट घेतलं आणि आत वळलो.

"भाऊ."

"काय?"

"सदरा बघा. पाठ."

मी सदरा काढला. निळ्या कापडावर पिठाचे दोन पंजे होते. एक डाव्या कुशीकडून आलेला, एक उजव्या. दोन्ही मणक्याच्या पार पलीकडं पोचले होते.

समोरून कुणी मिठी मारावी, तसे.

सारजाबाई सदऱ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या हातांकडं बघत होत्या.

"वैनीच्या पाठीवर दर दिवाळीला फराळाच्या पिठाचं आसंच आसायचं," त्या हळू म्हणाल्या. "पयले पंजे बारके आसायचे, म्या म्हनलं, आमची साळूच बिलगली आसंल. मंग मोठे व्हाया लागले. तवा आमी शेतावरच्या बाया हसायचो. म्हनलं, भाऊच आसतील. येवढे लांब हात दुसऱ्या कुणाचे आसनार?"