डावा दिवा

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट तरी जरा बरा केला असता.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारची संध्याकाळ. आमच्या घरामागचं अंगण, समोर पत्र्याचं गॅरेज, आणि गॅरेजच्या तोंडाशी बाबांची जुनी गाडी.

बाबा पावसाळ्यात गेले. गाडी ताईकडे आली. ताई नर्स. ड्युटी संपवून निघेपर्यंत अंधार पडलेला, आणि गाडीचे दोन्ही दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे धुरकट. आदल्याच आठवड्यात एक सायकलवाला अगदी पुढ्यात येईपर्यंत तिला दिसला नव्हता.

"मी घासून देतो दिवे," मी म्हणालो.

"तू? स्वतःचा चष्मा पुसत नाहीस कधी!"

"बघच तू."

रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून दिव्यांभोवती चिकटपट्टी लावली. पाणी मारत पॉलिश पेपर फिरवला. आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. पिवळट दूध ओघळत राहिलं. शेवटी फडक्याने पॉलिश. उजवा दिवा उजळला... पहाटेच्या तळ्यासारखा.

डावा उजळेना.

पुन्हा घासला. दंड भरून आले. धुकं तसंच.

मग लक्षात आलं... ते बाहेर नव्हतंच. काचेच्या आत होतं. जिथे कुणाचा हात जात नाही.

"अरे, चहा गार होतोय!" ताईची हाक आली.

चहा पिऊन परत आलो.

डावा दिवा स्वच्छ झाला होता.

अगदी पूर्ण नाही. कडेला थोडं धुकं उरलं होतं, आणि त्यात... चार बोटांचे पट्टे.

मी बाहेरून अंगठा फिरवला. पट्टे गेले नाहीत.

कुणीतरी आतून पुसलं होतं.

 आतली ओल सुकली असेल, अशी मनाची समजूत घातली.

इथे एक सांगायला हवं. ताईला गाडी बाबांनी शिकवली. ती गाडी गॅरेजमध्ये घालायची, तेव्हा बाबा आत भिंतीपाशी उभे राहायचे आणि हाताने खुणावायचे. ये... ये... ये... भिंत जवळ आली की बॉनेटवर दोन थापा. म्हणजे थांब. ताई भिंत बघायची नाही, अंतर बघायची नाही. फक्त बाबांचा हात. ते गेल्यापासून ती गाडी अंगणातच ठेवायची.

दिवेलागणीला ताई गाडीत बसली. गाडी चालू केली. दिवे लावले.

गॅरेजची मागची भिंत झळाळली.

"अगं बाई! हा तर दिवस उगवला की रे!"

मी हसलो. आणि हसू तिथेच थिजलं.

डाव्या दिव्याच्या उजेडात, भिंतीवर... एक सावली होती.

मी गाडीच्या बाजूला होतो. समोर कुणीच नव्हतं.

सावलीचा हात हळूच वर झाला.

ये...

गाडी सरकली.

"ताई, थांब!"

तिचे डोळे भिंतीवर. चेहऱ्यावर हसू... पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच.

"अरे, ते बोलावतायत ना..."

ये... ये...

मी थापांची वाट बघत होतो. आता वाजतील. आता...

हात खुणावतच राहिला. भिंत जवळ आली.

वाजल्या नाहीत.

मीच धावत जाऊन बॉनेटवर दोन थापा मारल्या. ब्रेक लागला. भिंत वीतभरावर होती.

ताईने दिवे मालवले.  काळोखात तिने लहान मुलीसारखं विचारलं,

"बाबांनी थापा का नाही मारल्या रे?"

 

घासलेल्या काचेवर कोटिंग द्यावं लागतं, नाहीतर ती उन्हाने लवकरच पुन्हा धुरकटते. दुसऱ्या दिवशी मी उजव्या दिव्याला कोटिंग दिलं. डाव्याला मुद्दाम नाही. ताईला रस्ता दिसावा... आणि भिंतीवरचं ते दिसू नये.

आज सकाळी पाहिलं. उजवा कडेने पिवळा पडू लागलाय.

डावा लख्ख आहे.

आणि ताई हल्ली गाडी गॅरेजमध्ये लावते. एकटीच असली तरी.

रोज इंजिनाचा आवाज अंगणात शिरतो, आणि मी हातातलं काम टाकून मागच्या दाराकडे धावतो...

दोन थापांसाठी कान देत.