चांदोबाखालचा केक

"माझ्याच हातानं मी माझ्या लेकीला मारणार होते," ती बाई म्हणाली, "असं सगळे म्हणतात. आता तर मलाही तसंच वाटायला लागलंय."

दाजींचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला. दाजी म्हणजे टाचणीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेहुणीची गाडी चालवायची, तिच्याकडे येणाऱ्यांना चहा पाजायचा आणि तिनं विचारलं की हटकून चुकीचा तर्क सांगायचा, ही कामं ते इमानेइतबारे करत. आणि टाचणी? अंगानं काटकी, बोलायला टोकदार, पोटापाण्यासाठी लोकांची रहस्यं उकलणारी. तिचं खरं नाव बहुधा तिच्या आईलाच आठवत असेल.

"सुरुवातीपासून सांगा," टाचणी म्हणाली.

बाईची लेक ठकी. सहावा वाढदिवस. पोरीच्या पोटात बदामाचा कण गेला तरी घसा सुजून श्वास कोंडायचा. म्हणून छोट्या केकचे दोन ट्रे मागवले होते. एक बदामाच्या पिठाचा पाहुण्यांसाठी, एक बिनबदामाचा. दोन्हींवर सारखंच निळं क्रीम, कारण ठकीला आपण वेगळे आहोत असं वाटू नये.

"मग तिला कळणार कसं?"

"टेबलामागे पडदा होता. रात्रीचं जंगल, चांदण्या आणि मोठा रुपेरी चंद्र. बिनबदामाचा ट्रे चंद्राखाली ठेवायला लावला. तिला पढवून ठेवलं होतं, चांदोबाखालचाच खायचा." बाईनं डोळे पुसले. "तिनं चांदोबाखालचाच घेतला हो! आणि बघता बघता ओठ निळे पडले. त्या ट्रेमध्ये बदाम निघाला. मी त्याआधी ट्रे सारखे केले होते, तेव्हाच माझ्याकडून अदलाबदल झाली असणार."

"असं कोण म्हणतं?"

"माझी नणंद. ठकीचे बाबा गेल्यापासून मी फार विसरते, असं ती सगळ्यांना सांगते. आज संध्याकाळी ठकीला दवाखान्यातून सोडतील. पण माझ्याकडे द्यायचं नाही, आत्याकडे न्यायचं, असं घरच्यांनी ठरवलंय." ती एकदम टाचणीचे हात धरून म्हणाली, "ताई, माझी पोर गेली हो हातची!"

दाजींनी कप खाली ठेवला. त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

वाढदिवसापासून बाईच्या घरच्या दिवाणखान्याला कुलूप होतं आणि किल्ली बाईकडे होती. दार उघडताच शिळ्या साखरेचा वास आला. सुरकुतलेले फुगे भिंतीवर मान टाकून लोंबत होते. दोन्ही ट्रे जागच्या जागी होते, क्रीमला तडे गेलेले. एक खिडकीकडे, एक दाराकडे. त्यांच्यामागे काळीनिळी मखमल, कागदी झाडं, आणि दाराकडच्या ट्रेवर तो चंद्र. सगळ्या चांदण्यांच्या खाली, जणू कुणावर तरी नजर ठेवून होता. दाजींना उगाचच मागे वळून पाहावंसं वाटलं.

टाचणीनं पंखा लावला. खिडकीकडच्या बाजूला, वरच्या दांडीवर केसासारखं काहीतरी हललं.

"कोळ्याची जाळी," दाजी म्हणाले.

टाचणी चंद्राजवळ गेली. चंद्राच्या कडेवर दोन पांढरे मणी होते, ते निरखत ती बराच वेळ उभी राहिली.

"अजून ठेवलंय का हे?" दारातून आवाज आला. आत्या. उंच, नीटनेटकी, मायाळू आवाजाची. "रोज सांगतेय, वहिनी, टाक ते काढून. किल्ली दे, मी काढते. किती दिवस जिवाला लावून घेणार?" खांद्यावरून घसरणारा रेशमी स्कार्फ तिनं सावरला आणि दाजींना खुर्ची पुढे केली. "हिचा दोष नाही हो. विसरते बिचारी. पण लेकराचा जीव म्हटल्यावर…"

दाजींना आत्या फार भली वाटली.

आत्या गेल्यावर टाचणीनं समारंभाचे फोटो मागितले. एकात दारात स्वागत करणारी आत्या, खांद्यावर स्कार्फ दोन मोत्यांनी चापूनचोपून बसवलेला. दुसऱ्यात ठकी मेणबत्ती विझवतेय आणि मागे आत्या स्कार्फ एका हातानं छातीशी धरून उभी.

केकवाला भट्टीपाशी घामाघूम होता. "बिनबदामाचा ट्रे मी स्वतः मांडला. खिडकीच्या बाजूला. चुकलो असेन तर हे दुकान बंद करीन!"

"खोटं बोलतोय," बाहेर येऊन दाजी म्हणाले. "नाहीतर बाईंनीच ट्रे बदलले."

"दाजी, तुमच्यामुळे मला खरं काय ते लवकर कळतं," टाचणी म्हणाली.

सजावटवाली कागदाची पानं कातरत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "मखमल भाड्याची असते, ताई. भोक पडलं की माझ्या माथी. चंद्र असो, चांदणी असो, मी शिडीवर चढून वरच्या दांडीला बारीक दोऱ्यानं टांगते. माझ्या पडद्याला टाचणी लावायची नाही कुणी. सगळं टांगलं, शिडी घेतली आणि पाहुणे यायच्या आत निघाले."

टाचणी हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

दुपारी दिवाणखान्यात बाई, आत्या आणि सजावटवाली आल्या. पडद्याकडे नजर जाताच सजावटवाली किंचाळली, "अहो, माझा चंद्र तिकडे कसा गेला?"

"तेच सांगते," टाचणी म्हणाली. "सगळ्यांनी ट्रे बघितले, पडदा कुणीच बघितला नाही. ट्रे हललेच नाहीत. केकवाल्यानं बिनबदामाचा ट्रे खिडकीकडे ठेवला, तो आजही तिथेच आहे. त्यातला केक तपासायला पाठवलाय, पण निकाल मला आत्ताच माहीत आहे. हलला तो चंद्र. दाजी, तुमची कोळ्याची जाळी बघा. खिडकीकडच्या दांडीवर दोऱ्याची तुटकी टोकं आहेत. चंद्र तिथे होता."

दाजींनी मान खाली घातली.

"ज्यानं तो हलवला त्याच्याकडे शिडी नव्हती, दांडीपर्यंत हात पोचला नाही. म्हणून चंद्र खाली, मखमलीवरच टोचून बसवला. टाचण्या कुठल्या? अंगावर होत्या त्या. मोत्याच्या." ती आत्याकडे वळली. "स्वागताच्या वेळी त्या तुमच्या खांद्यावर होत्या. मेणबत्तीच्या वेळी तुम्ही स्कार्फ हातानं धरला होता. आणि मोती परत काढायला रोज किल्ली मागत होतात."

आत्याचा हात आपसूक खांद्याकडे गेला. स्कार्फ सरकून जमिनीवर पडला, तरी तिनं उचलला नाही.

"ती मरायला नको होती मला," ती हळूच म्हणाली. तोच मायाळू आवाज. "डॉक्टर शेजारीच राहतात, सगळा विचार केला होता मी. फक्त वहिनीकडून एकदा मोठी चूक व्हायला हवी होती. माझ्या भावाचं एवढंच उरलंय. ते हिच्याकडे का राहावं?"

दाजी तिच्यापासून दोन पावलं मागे सरले. याच बाईनं त्यांना खुर्ची दिली होती, आणि याच बाईच्या घरी ठकी आज झोपायला जाणार होती.

ठकीची आई ओरडली नाही, रडली नाही. तिनं पर्स उचलली आणि दाजींना म्हणाली, "गाडी काढता?"

दवाखान्यात ठकी पलंगाच्या कडेला बसली होती. आईला पाहून ती आनंदली नाही, अंग चोरून भिंतीला टेकली.

"आई, आत्या म्हणाली मी नीट ऐकलं नाही. पण मी चांदोबाखालचाच घेतला होता गं. खरंच. तू रागावलीस?"

बाई गुडघ्यांवर बसली. "तू बरोबरच घेतलास, बाळा. माझंही काही चुकलं नव्हतं."

ठकीनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग तिच्या गळ्यात पडून हुंदके देत रडली. दाजींनी दार हळूच ओढून घेतलं आणि आज कुणीही आलं तरी आत सोडायचं नाही, अशा बेतानं ते दारासमोर उभे राहिले.