पाचवा हो

"मला पाणी हवंय."

जरा थांबून, "मला पाणी नकोय."

मग पुन्हा, अगदी विनंती केल्यासारखं, "थोडंसंच पाणी हवंय..."

रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत एक माणूस भिंतीकडे तोंड करून पाणी मागत होता. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं, कारण सकाळपासून तीनदा काम फसलं होतं. मी कूलरवरून ग्लास भरला आणि त्याच्यासमोर आणून आदळला.

"हे घ्या. आणि एकदा काय ते ठरवा – हवंय की नकोय?"

तो दचकला. आधी ग्लासकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माइककडे. माइकवरचा लाल दिवा चालूच होता.

"तुम्हीही आत गेलात," तो म्हणाला. आवाज जरासा बसका होता, पण ऐकत राहावा असा. "आता मी जन्मभर पाणी मागितलं की तुम्ही ओरडणार."

"पुसून टाकते ना."

"नको, राहू द्या... सोबत होईल."

तेव्हा मला कळलं की तो कोण आहे, आणि माझा चेहराच पडला.

आमची कंपनी बोलकी पाटी बनवते. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी पाटीवरच्या शब्दावर बोट ठेवायचं, की ती बोलते. तिच्यात एका बाईचा तयार आवाज आहे – स्वच्छ, कोरडा, लिफ्टमध्ये मजला सांगावा तसा. पण या माणसाला पाटीत स्वतःचाच आवाज हवा होता. त्याच्या गळ्यात गाठ होती. तीन आठवड्यांनी ऑपरेशन, आणि त्यात स्वरयंत्र काढून टाकणार होते. त्याआधी त्याला लागतील ती सगळी वाक्यं बोलून ठेवायची होती.

तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, मीही म्हणू लागले.

"आणि तुम्ही काय करता?" दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. "पाणी आदळता ते सोडून?"

"पॅकिंग."

"खोक्यांचं?"

"सॉफ्टवेअरचं. आम्ही प्रोग्राम लिहितो ना, त्याचा पाटीवर चढवायचा गठ्ठा बांधणारं एक अवजार असतं. बिल्ड टूल म्हणतात त्याला. ते महाशिस्तीचं आहे. प्रोग्राममध्ये ज्या फायलीचं नाव आलंय तेवढीच घेतं, बाकीच्या निरुपयोगी म्हणून सोडून देतं. तुमच्या वाक्यांची नावं प्रोग्राममध्ये नाहीत, पाटी ती आयत्या वेळी शोधणार. त्यामुळे काल गठ्ठा बांधला तर तुम्ही सगळेच्या सगळे बाहेर! आणि जिथे तुमचं वाक्य नसेल तिथे पाटी आपली त्या बाईच्या आवाजात बोलते."

"म्हणजे सामान बांधणाऱ्यांनी घर रिकामं केलं आणि आजीची पेटी तिथेच विसरली."

"अगदी! म्हणून मी त्या अवजाराला स्वतःचं एक्स्टेंशन, म्हणजे एक जोड, लिहितेय. बांधायचं त्याने, पण नियम माझे."

"कडक दिसता."

"फार," मी म्हटलं. तो हसला आणि मी उगाचच कीबोर्ड पुसायला लागले.

तिसऱ्या दिवशी यादीत 'हो' आला. एक शब्द, एक ओळ. मास्तर मात्र अडून बसला.

"एका हो-ने कसं भागेल? पाच लागतील."

"पाच?"

"ऐका तर." त्याने पहिला म्हटला, आटोपशीर. "हा दुकानदाराला." दुसरा फोनवर कंटाळलेल्या माणसाचा. तिसरा लांबलचक. "हा आईला. तिने एकच गोष्ट चौथ्यांदा विचारलेली असते." चौथा खूश, उडी मारल्यासारखा, शिकणाऱ्याची गाडी पहिल्यांदा बंद न पडता निघते तेव्हाचा. मग तो थांबला. "तुम्ही जरा बाहेर थांबता?"

"का बरं? पॅकिंग माझं आहे, मला सगळंच ऐकावं लागणार."

"सामान बांधणारा काय प्रत्येक पेटी उघडून बघतो?"

मी बाहेर गेले. काचेतून त्याची पाठ दिसत होती. खांदे वर गेले... आणि खाली आले. एवढंच.

"झालं?"

"झालं."

"कुणासाठी आहे?"

"तुम्ही यादीत लिहा – हो, पाचवा."

मी गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेय, हे मी त्याला का सांगितलं कोण जाणे. मग जेवणाच्या सुट्टीत तो मला त्याच्या गाडीत बसवू लागला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही ब्रेक असतो. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, यादीत सत्याऐंशीवं: "घाबरू नका, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे." ते ऐकलं की माझे हात खरंच सैल व्हायचे.

एकदा मी वळणावर त्याच्याकडेच बघत राहिले.

"अगं, समोर बघ!"

गाडी थांबली.

"अगं?" मी म्हटलं.

"समोर बघा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

त्या आठवड्यात एक्स्टेंशन जवळजवळ झालं. फक्त गठ्ठा फुगत होता. पाटीत जागा थोडी, आणि बटण चुकून दाबलं गेल्याने कितीतरी रिकामी रेकॉर्डिंग जमली होती. मी एक नियम घातला – अमुक आकारापेक्षा लहान फाईल म्हणजे रिकामी, ती सोडून द्यायची. गठ्ठा सुटसुटीत झाला. मी पाटीवर वाक्यं वाजवून बघितली, त्याच्या आवाजात एकामागून एक छान बोलली. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आणि पाटी त्याच्या आईकडे देऊन आले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही एका मोकळ्या मैदानाशेजारी गाडी लावून बसलो. मी चालवत आणली होती, एकदाही बंद न पाडता. चौथा हो मात्र त्याने म्हटला नाही.

"मला तुला एक विचारायचंय," मी म्हटलं. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं होतं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आज नको."

"का?"

"आज मी हो म्हटलं, तर उद्या तुला वाटेल, भेदरलेल्या माणसाने सापडला तो हात धरला. आणि मी भेदरलोच आहे गं." तो स्टिअरिंगकडे बघत बोलत होता. "होऊ दे ऑपरेशन. गळ्याला भोक असेल माझ्या. आवाज नसेल. तसा मला बघ. मग विचारावंसं वाटलं तर विचार."

"आणि तू उत्तर कसं देणार?"

"पाचवा आहे ना. तो मी अजिबात घाबरलेलो नसताना बोललोय."

"आणि पाटीत तो नसलाच तर?"

"तुझं पॅकिंग आहे," तो म्हणाला. "कसा नसेल?"

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी मला भेटू दिलं. तो उशांना टेकून बसला होता, गळ्याला पट्टी, चेहरा ओढलेला. मला बघून ओठ हलले, पण आवाज आला नाही.

त्याची आई पलंगाशेजारी बसली होती. बारीक अंगाची, करारी बाई. शिलाईची कामं करून तिने याला एकटीने वाढवलं होतं. तिने पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने बोट टेकवलं.

"उशी थोडी वर करा," मास्तर बोलला. त्याच्याच आवाजात! सिस्टर टाळी वाजवून हसली. आईने डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्याने आईकडे बघितलं आणि दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं.

"आई," ती लिफ्टमधली बाई म्हणाली.

"ही कोण रे?" त्याच्या आईने विचारलं. तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

त्याने पुन्हा दाबलं. "आई." पुन्हा तीच. मग त्याने माझ्याकडे न बघता 'हो'चं पान उघडलं आणि पाचव्यावर बोट ठेवलं. "हो," बाई कोरडेपणाने म्हणाली. त्याने पाटी बंद केली, पालथी घातली, आणि मान खिडकीकडे वळवली.

मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी घातलेला नियम. अमुकपेक्षा लहान ते रिकामं.

मी ऑफिसात कशी पोचले आठवत नाही. सोडून दिलेल्या फायलींची यादी माझं एक्स्टेंशन दर वेळी लिहून ठेवायचं. मी ती एकदाही उघडली नव्हती. आता उघडली. वर माझ्याच शब्दांत लिहिलं होतं: रिकाम्या फायली एकतीस, सोडून दिल्या.

एकेक ऐकत गेले, फक्त पाचवा हो न उघडता. नऊ खरंच रिकाम्या होत्या. बाकी – आई. नको. थांब. अगं. हं. एक नुसतंच हसणं. आणि हो, हो, हो, हो. माणूस दिवसभर ज्यावर जगतो ते सगळं मी गाळून टाकलं होतं. आणि तपासताना का कळलं नाही? कारण मी लांबलांब वाक्यंच वाजवली होती. मला त्याचा आवाज ऐकत बसायचं होतं, त्याला निमित्त म्हणून तपासणी. असली कडक मी!

टेबलावर डोकं ठेवून मी मनसोक्त रडले. मग तोंड धुतलं आणि तो नियम खोडला. नवीन लिहिला: यादीत जे आहे ते कितीही छोटं असो, गठ्ठ्यात जाणारच, आणि त्यातलं एक जरी नसेल तर बांधणं थांबवून ओरडायचं. बांधलं. ओरडलं नाही. या वेळी यादी समोर ठेवून प्रत्येक शब्द पाटीवर वाजवला.

पाचवा हो सोडून. तो मी याही वेळी ऐकला नाही. त्याने नको म्हटलं होतं. पण मनात पाल चुकचुकलीच – काचेतून नुसते खांदे हललेले दिसले होते. त्याने काही म्हटलंच नसलं तर? फायलीचा आकार बाकीच्या चारांपेक्षा किंचित मोठा होता, एवढाच काय तो आधार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीवर नवा गठ्ठा चढवला. मास्तर बघत होता, पण हात पुढे करत नव्हता.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "लहान म्हणून मी ते टाकून दिलं. आता आहे सगळं. बघ तरी."

त्याने बळेच बोट ठेवलं.

"आई."

त्याचाच. जरासा बसका.

"आले रे, आले! जरा दम धर!" बाहेरून उत्तर आलं. त्याची आई व्हरांड्यात नळावर तांब्या भरत होती. ती सवयीने बोलून गेली... आणि मग पाणी नुसतंच वाहत राहिल्याचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली, ओला हात तोंडावर धरून.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

त्याने म्हटलं. पाच-सहा वेळा तरी म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ती "काय रे बाळा" म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत काहीच नव्हतं.

"मी जरा डॉक्टरांना गाठून येते," थोड्या वेळाने ती म्हणाली. डॉक्टर दहा मिनिटांपूर्वीच येऊन गेले होते. जाताना तिने दार अलगद ओढून घेतलं.

आम्ही दोघंच उरलो. त्याने बोटाने स्वतःच्या गळ्यावरची पट्टी दाखवली. बघितलंस ना नीट, असं.

"बघितलं," मी म्हटलं.

आता विचारायचं. रात्रंदिवस तोंडपाठ केलेलं एक साधं वाक्य. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना! स्वरयंत्र त्याचं काढलं होतं आणि बोलता मला येत नव्हतं. "मी... म्हणजे, तू..." पुढे काही नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत ती गाडीतली मिश्कील चमक आली, कितीतरी दिवसांनी. त्याने पाटीचं पहिलं पान उघडलं.

"थोडंसंच पाणी हवंय..." पाटीतून आलं. मग ग्लास आदळल्याचा आवाज. आणि मग मी, पहिल्या दिवसाची, रागावलेली – "एकदा काय ते ठरवा – हवंय की नकोय?"

मी हसले की रडले, सांगता येणार नाही. त्याने सावकाश पान उलटलं. बोट पाचव्यावर ठेवलं.

आधी खुर्ची करकरली. मग एक श्वास. मग अगदी हळू, कानाशी बोलावं तसं –

"हो गं."

त्या फायलीची तारीख मला पाठ होती. तिसरा दिवस. त्या दिवशी आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो, आणि मी काचेच्या पलीकडे उभी होते.

"तेव्हापासून?" मी कसंबसं विचारलं. "तिसऱ्याच दिवसापासून?"

त्याने माझा हात हातात घेतला, माझंच बोट पाटीवर टेकवलं, आणि हलकेच दाबलं.

"हो गं."