शेवटचं ऊन

इस्रायलमधल्या डिमोना गावातल्या वाकरुळकरांच्या घरी शुक्रवारी दुपारी दोन वास एकदम यायचे. स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या माशांचा, आणि आईच्या खोलीतून मातीचा. आई जाऊन तीन वर्षं झाली तरी ती खोली आईचीच होती. खिडकीला काळं कापड लावून तिर्झा तिथं लाल दिव्याच्या उजेडात उत्खननातली वाळू मोजायची, आणि सूर्य कलला की पप्पा तिथंच, आईच्या पितळी दिव्यात, शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवडी विसाव्याच्या दिवसाची, वात लावायचे. म्हणून घरात एक नेमच पडला होता. दिवा लावायच्या आधी हायमपप्पा दारातून विचारणार, "आवरलंस का गं?" आणि तिर्झा "हो" म्हणाल्याशिवाय काडी ओढणार नाहीत.

हा नेम ऊनमापीमुळे पडला होता. यंत्र जेमतेम तांदळाच्या डब्याएवढं, पण त्यानं पुरातत्त्ववाल्यांची झोप उडवली होती. वाळूचा कण जमिनीत गाडला गेला, की भोवतालच्या मातीतून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा त्याच्यात हळूहळू साठत जाते. उजेड लागला, की तो साठा रिता होतो. साठा मोजला म्हणजे त्या कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. पूर्वी यात शतकांची चूक व्हायची, ऊनमापी एका पिढीच्या फरकानं सांगायची. अट एवढीच, मोजण्याआधी कणांना साध्या दिव्याचाही उजेड लागता कामा नये.

तिर्झा खणत होती ते टेकाड म्हणजे जुन्या वस्तीची पांढर. धर्मग्रंथातल्या सेनापती यहोशवानं जिंकून जाळलेलं गाव ते हेच, असं पप्पा छातीठोक सांगायचे. दर शनिवारी सभास्थानाच्या ओसरीवर अलिबागकडची मराठी अजून समजणारी नातवंडं गोळा करून पप्पा त्यांना ती लढाई सांगत. शिंगं फुंकली, भिंत कोसळली, गाव पेटलं. आई गेल्यावर हा माणूस उठून उभा राहिला तो या पोरांच्या जिवावर, हे तिर्झानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

घोळ घातला तो पप्पांच्या मित्रानं, निवृत्त इतिहास शिक्षक नफताली पेणकरांनी.

"अरे हायम, गाव दुष्काळानं ओस पडलं असेल," ते मागच्या आठवड्यात चहा पिताना म्हणाले. "पडक्या भिंती पाहून लोकांनी मागाहून गोष्ट जुळवली. असं जगभर होतं."

"तुला पुरावा पाहिजे ना? भिंतीच्या कोसळलेल्या विटेखालची वाळू माझी लेक काढतेय. यंत्र सांगेल ते मला मान्य."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर पोरांना सांगणं बंद. खोटं शिकवायला बसलो नाही मी."

पप्पा हसून बोलले होते, पण शब्द फिरवणारा माणूस नव्हे तो. आता शब्बाथ सरल्यावर, रविवारी, सभास्थानात सगळ्यांसमोर निकाल सांगायचा होता. नियमाप्रमाणे दोन नमुने स्वतंत्रपणे जुळायला हवेत. न जुळले तर निष्कर्ष काढता येत नाही.

पहिला नमुना तिर्झानं दुपारी मोजला. आकडा तिनं दोनदा तपासला. भिंत पडली तेव्हा यहोशवाच्या आजोबाचा आजोबासुद्धा जन्माला यायचा होता. त्यानंतर तिथं कुणी राहिल्याची खूणच नव्हती. यहोशवा आलाच असेल, तर ओसाड ढिगाऱ्यावर आला.

ती कितीतरी वेळ लाल उजेडात बसून राहिली. दुसरा नमुना काळ्या चपट्या डबीत पातळ पसरलेला होता. त्याला उजेड लागला तर त्याचा आकडा भलताच येईल. दोन्ही जुळणार नाहीत, वाद लोंबकळत राहील, आणि पप्पा शनिवारी ओसरीवर बसतील. खोटं काहीच सांगायला नको. निष्कर्ष नाही, एवढंच म्हणायचं. स्वतःची समजूत घालायला तिला हे पुरेसं झालं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

तिनं डबी आईच्या दिव्याखाली ठेवली, झाकण काढून खिशात टाकलं आणि लाल दिवा मालवला.

"आवरलंस का गं?" पप्पांनी दारातून विचारलं.

"हो," तिर्झा म्हणाली.

आणि कचरा टाकायचं निमित्त करून ती खाली उतरली. इमारतीच्या बाकावर बसून राहिली. घरोघर दिवे लागत होते, शेजारीण "शब्बाथ शालोम" म्हणत गेली. उजेडाला काही क्षण पुरतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं मुद्दाम जास्त वेळ काढला.

वर आली तर आईच्या खोलीचं दार बंद. दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ दिसत नव्हती. शब्बाथचा दिवा एकदा लागला, की तो आपसूक शांत होईपर्यंत विझवायचा नाही. पप्पांनी उभ्या आयुष्यात तो विझवला नव्हता. आई गेली त्या आठवड्यातही नाही.

"पप्पा?"

"दार उघडू नकोस," आतून आवाज आला. "डबी उघडी राहिली होती गं तुझी. मी दिवा लावला, डोळे झाकून प्रार्थना म्हटली, डोळे उघडतो तर समोर डबी. काही सुचलंच नाही. चिमटीत धरून वात विझवली."

तिर्झा दाराला टेकली.

"देव बघून घेईल माझं. तुझी आई मात्र रागावली असती," पप्पा म्हणाले. "कडेकडेला उजेड लागला असेल, पण मधले दाणे शाबूत असतील ना? नफताली म्हणायला नको, हायमनं हरायच्या भीतीनं पुरावा जाळला. जे असेल ते खरं कळू दे."

"पप्पा, बोट भाजलं का?"

"किंचित. ते राहू दे. अंधारात सगळं चाचपून पाहिलं, टेबलाखालीसुद्धा. झाकण काही सापडेना, म्हणून दोन्ही तळवे डबीवर धरून बसलोय केव्हाचा. तिर्झा, ते चुकून तुझ्याकडे तर नाही ना आलं?"