चालवणाऱ्याचं वजन

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाईल ठेवा खाली. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. तक्का गावचा काशिराम तुम्ही पाहिलाय ना, पाठीला उशी लावून गाडी चालवतो तो? ती उशी का, हे त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय.

गेल्या पौषातली अमावास्या. रात्रीचे साडेआठ. काशिराम गाडी घेऊन पळस्प्याला, बुधाजीच्या गॅरेजात निघाला. काम साधंच होतं, गाडीचा आवाज घालवायचा.

गाडी त्याच्या पोराची, शैलेशची. पोरगा ताडमाड उंच, त्याला गाडीही उंच हवी. बाजारातून नव्या स्प्रिंगा आणल्या आणि दोस्तांना घेऊन अंगणातच बसवल्या. तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात कटाक्... कटाक्. काशिरामचा राग म्हणजे नाकाच्या शेंड्यावर. एका रात्री तो ओरडला, "आख्खा गाव उठतो तुज्या गाडीनं! रातचा तिला भायेर काढायची नाय!" शैलेश हसला. "रविवारी बुधाजीदादाकडं नेतो, बाबा," म्हणाला आणि मोटरसायकल घेऊन उरणला गेला. वाटेत ट्रेलरने उडवलं. घरी आला तो चादरीतच.

गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. शेवटी काशिरामची बायको जनीच म्हणाली, "पोरानं बोललेला काम ऱ्हायलाय. तेवढा तरी करा ओ."

काशिराम आत बसला, तर पाय क्लचला पोचेना. सीट शैलेशच्या मापाने शेवटपर्यंत मागे होती. ती पुढे ओढताना म्हाताऱ्याला रडू कोसळलं. पोराला आपण दुसऱ्यांदा घराबाहेर काढतोय, असं त्याला वाटलं.

गॅरेजात बुधाजीने खाली वाकून टॉर्च मारला. "स्प्रिंगा चांगल्या हाईत, काका. पोरांनी गाडी जॅकवर लटकत असतानाच बोल्ट आवळलेत. रबर पिळून गेलेत सगळे." त्याने नवे रबर घातले, गाडी चाकांवर टेकवली आणि गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात उतरला. "आता तुमी स्टेअरिंगवर बसा. चालवणाऱ्याचं वजन पडलं की शेवटचा पाना मारतो."

काशिरामने दाराला हात लावला. बसवेना. आपण ओरडलो नसतो तर पोरगा गाडीनेच गेला असता... तो मागे सरून भिंतीला टेकला.

तेवढ्यात गाडी दबली. उजव्या अंगाला. सावकाश... माणूस बसल्यासारखी.

खालून बुधाजी म्हणाला, "हां, बसलात. आता हलू नका."

काशिराम बाहेर उभा. दार बंद. काळ्या काचेतून काही दिसेना. खाली पाना फिरत होता. कर्र... कर्र...

"काका, जरा उठून परत बसा."

गाडी वर आली.

...

पुन्हा दबली.

काशिरामचे ओठ हलले. मग कसाबसा म्हणाला, "शैल्या... बाला... नाय रे वरडनार आता. चल घरी. आयस जेवाची थांबलीय तुजी."

"कोनाशी बोलताय, काका?"

गाडी हलकेच वर आली.

बुधाजी खड्ड्यातून चढून आला. काशिराम भिंतीपाशी. बुधाजीने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. हातातला पाना खाली पडला.

काशिरामनेच दार उघडलं. आत कोणी नव्हतं. तो बसला, आणि पाय पुढे केला.

क्लचला पोचेना.

सीट शेवटपर्यंत मागे गेली होती.

त्याने ती पुढे ओढली नाही. बुधाजीकडून उशी मागून घेतली, पाठीला लावली आणि खड्ड्याखड्ड्यांतून घरी आला. गाडीचा कुठेच आवाज झाला नाही.